रजेवर काढलेला भयपट: ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’चं प्रकरण

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे सेंट्रॉन नावाची एक कंपनी शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी छोटे बोधपट काढायची. १९६१ मध्ये या कंपनीतले दिग्दर्शक हर्क हार्वी यांनी तीन आठवड्यांची रजा घेतली, गावातल्या व्यापाऱ्यांकडून पैसे उभे केले आणि सहकाऱ्यांना घेऊन एक भयपट काढला. त्याचं नाव ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’. पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाला आणि फारसा गाजावाजा न होता उतरला. त्यानंतर वितरक कंपनी बुडाली आणि निर्मात्यांच्या हाती काहीच आलं नाही. हार्वी आपल्या नोकरीवर परत गेले आणि त्यांनी दुसरा कथापट कधीच दिग्दर्शित केला नाही.

या चित्रपटाविषयी बोलताना बरेच जण म्हणतात की हौशी लोकांच्या हातून अपघाताने एक चांगली गोष्ट होऊन गेली. मला हे अजिबात पटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मुळापासून मांडावंसं वाटलं. पडद्यावर जे दिसतं ते वर्षानुवर्षं केलेल्या कामातून आलेलं आहे. ही माणसं चित्रपट काढण्यात मुरलेली होती. नवखी होती ती चित्रपट विकण्यात, आणि त्यांचं सगळं नुकसान तिथेच झालं.

बाजार कसा होता

१९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकी थिएटरांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती. पहिला मोठ्या नटनट्यांचा. त्याच्या उत्पन्नात स्टुडिओला टक्केवारीने वाटा मिळे. दुसरा तास-सव्वा तासाचा, कमी खर्चाचा. तो थिएटरला ठराविक भाड्याने दिला जाई. हाच बी-चित्रपट. तो कितीही चालला तरी भाडं तेवढंच, त्यामुळे नफा वाढवायचा तर खर्च कमी करणं एवढा एकच मार्ग उरे.

१९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात स्टुडिओंच्या विरोधात निकाल दिला आणि मोठ्या स्टुडिओंना आपापल्या थिएटर-साखळ्या सोडाव्या लागल्या. हक्काचे पडदे गेल्यावर हे दुय्यम चित्रपट काढत राहण्यात स्टुडिओंना रस उरला नाही. त्याच सुमारास टीव्ही आला आणि कुटुंबं संध्याकाळी घरीच बसू लागली. थिएटरकडे यायची ती तरुण पोरं, आणि तीही गाडी घेऊन. गाडीत बसूनच चित्रपट पाहायची ड्राइव्ह-इन थिएटरं १९५०च्या दशकाच्या अखेरीस चार हजारांहून जास्त झाली होती. त्यांना दर आठवड्याला नव्या जोड्या हव्या असत. ही भूक भागवायला छोट्या स्वतंत्र कंपन्या पुढे आल्या. १९५४ मध्ये सुरू झालेली आणि पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने ओळखली गेलेली कंपनी त्यांतली सगळ्यांत चतुर. जोडीतला एकच चित्रपट विकला तर भाड्याचा छोटा तुकडा हाती येतो, हे ओळखून ती दोन्ही चित्रपट आपलेच देऊ लागली. अनेकदा आधी नाव आणि पोस्टर ठरायचं, थिएटरवाल्यांचा अंदाज घेतला जायचा आणि मग पटकथा लिहायला घेतली जायची.

अणुकिरणांनी फुगलेले किडे, परग्रहावरून आलेले रबरी राक्षस, बंद वाड्यांतली भुतं, असा तो सगळा माल होता. त्यातलं बरंचसं काम घाईचं होतं, काही मात्र फार कल्पक. पण या धंद्यात टिकले ते एका गोष्टीच्या जोरावर: चित्रपट कुणाला आणि कसा विकायचा हे त्यांना शूटिंगच्या आधीच ठाऊक असे. कमी खर्चाचे चित्रपट काढणारे निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन वर्षाला चार-पाच चित्रपट काढू शकले, कारण त्यांच्या मागे वितरणाची सोय उभी होती. एक चित्रपट पडला तर दुसरा भरून काढी.

सगळ्यांत बोलकी तुलना १९५८च्या ‘द ब्लॉब’शी होते. तो दिग्दर्शित करणारे आयर्विन येवर्थ पेनसिल्व्हेनियात धार्मिक आणि बोधपर चित्रपट काढत असत. म्हणजे पार्श्वभूमी जवळपास हार्वींसारखीच, तेही हॉलिवूडपासून दूर, आपल्याच छोट्या स्टुडिओत आणि आपल्याच माणसांना घेऊन काम करणारे. पण त्या चित्रपटाचे निर्माते जॅक हॅरिस हे मुळात वितरणाच्या धंद्यातले होते. त्यांनी तो पॅरामाउंटला विकला, पॅरामाउंटने तो देशभर लावला, आणि त्यातला स्टीव्ह मॅक्वीन नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला नट पुढे मोठा तारा झाला. लॉरेन्सच्या मंडळींकडे असा हॅरिस नव्हता. या प्रकरणातला सगळा फरक मला इथे दिसतो.

सेंट्रॉनमधलं शिक्षण

सेंट्रॉन ही कंपनी १९४७ मध्ये आर्थर वुल्फ आणि रसेल मॉसर या दोघांनी सुरू केली. विद्यार्थ्यांनी कसं वागावं, यंत्रावर काम करताना बोटं कशी सांभाळावीत, दुसऱ्या देशांतली माणसं कशी राहतात, अशा विषयांवर ती सोळा एमएमचे छोटे चित्रपट काढत असे. हे चित्रपट शाळांच्या वर्गांत आणि कारखान्यांच्या प्रशिक्षण-खोल्यांत दाखवले जात. कंपनीचा दर्जा कमी नव्हता. पुढे तिच्या ‘लिओ ब्यूरमन’ या लघुमाहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

हार्वी १९२४ मध्ये कोलोरॅडोत जन्मले, दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते आणि नंतर कॅन्सस विद्यापीठात नाटक शिकले. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते सेंट्रॉनमध्ये होते. आयुष्यभरात त्यांनी असे सुमारे चारशे चित्रपट केले असं सांगितलं जातं. नुसत्या आकड्यात याचं वजन कळत नाही. अशा कामात सेट उभारायला पैसे नसतात, म्हणून खरी घरं, खरी दुकानं आणि खरे कारखाने वापरावे लागतात. नट परवडत नाहीत, म्हणून गावातल्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला कॅमेऱ्यासमोर उभं करून त्याच्याकडून जमेल तेवढंच काढून घ्यावं लागतं. पाच-सहा माणसांच्या पथकात प्रत्येकाला दोन-तीन कामं करावी लागतात. आणि काम वेळेत आणि ठरल्या पैशांत संपवावं लागतं, कारण पैसे देणारा पुढचं काम दुसऱ्या कंपनीला देऊ शकतो. ‘कार्निव्हल’ काढताना हार्वींना यातलं काहीच नव्याने शिकावं लागलं नाही.

ओसाड मंडप

सेंट्रॉनचं काम आटोपून हार्वी कॅलिफोर्नियाहून गाडीने परत निघाले होते. युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळून जाताना मावळतीच्या उजेडात त्यांना खाऱ्या सरोवराच्या काठी एक घुमटांची भलीमोठी इमारत दिसली. ही सॉल्टएअर. १८९३ मध्ये मॉर्मन चर्च आणि रेल्वे कंपनी यांनी मिळून तिथे सहलीचं ठिकाण उभारलं होतं. लोक रेल्वेने येत, खाऱ्या पाण्यात तरंगत आणि प्रचंड मोठ्या नृत्यगृहात रात्रभर नाचत. १९२५ मध्ये ती आगीत जळाली आणि पुन्हा बांधली गेली. मग सरोवराचं पाणीच मागे सरकलं आणि काठावरची इमारत चिखलात उभी राहिली. १९५८ मध्ये ती बंद पडली. हार्वींनी पाहिली तेव्हा ती ओसाड होती.

लॉरेन्सला परतल्यावर त्यांनी सेंट्रॉनमधलेच लेखक जॉन क्लिफर्ड यांना एक चित्रपट लिहायला सांगितलं. अट एकच: शेवटी त्या नृत्यगृहात मेलेली माणसं नाचताना दिसली पाहिजेत. बाकी सगळं क्लिफर्ड यांच्यावर सोपवलं. सुमारे तीन आठवड्यांत पटकथा तयार झाली.

ही पद्धत पोस्टर आधी ठरवणाऱ्या कंपन्यांपेक्षा मुळातच वेगळी आहे. तिथे पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा विचार व्हायचा, इथे पहिल्यांदा एक जागा आली. त्यामुळे चित्रपटाला स्वतःचा चेहरा मिळाला. पण त्यातूनच हेही घडलं की तो कुणाला विकायचा, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी विचारलाच नाही.

पैसे गावातून उभे राहिले. हार्वींनी स्थानिक व्यावसायिकांना प्रत्येकी पाचशे डॉलर गुंतवाल का असं विचारलं आणि सुमारे सतरा हजार डॉलर रोख जमले. आणखी तेरा हजारांची देणी पुढे ढकलली गेली, म्हणजे चित्रपटाने पैसे कमावले तर ती फिटणार होती. एकूण खर्च तीस हजार डॉलरच्या आसपास. त्या काळच्या बी-चित्रपटाच्या मानानेही ही रक्कम फार लहान आहे. या गुंतवणूकदारांचा उल्लेख चित्रपटाच्या कौतुकात सहसा होत नाही, तो व्हायला हवा. कुठलीही हमी नसताना या माणसांनी शेजारच्या एका दिग्दर्शकावर विश्वास टाकला होता.

प्रमुख भूमिकेसाठी न्यू यॉर्कहून कँडेस हिलिगॉस ही अभिनयाचं रीतसर शिक्षण घेतलेली नटी आणली गेली. बाकीचे बहुतेक लॉरेन्सचे आणि विद्यापीठाच्या नाट्यवर्तुळातले. शेजारच्या खोलीतला लोचट जॉन लिंडेन झाले सिडनी बर्जर, जे पुढे ह्यूस्टनमध्ये नाट्यशिक्षक आणि दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले. कॅमेरा सेंट्रॉनच्याच मॉरिस प्रॅदर यांच्याकडे. आणि पांढरा रंग फासून नायिकेला सतत दिसणारा तो मृत माणूस स्वतः हार्वींनी केला.

पडद्यावर काय आहे

नायिका मेरी हेन्री दोन मैत्रिणींबरोबर गाडीत असते. मुलांच्या गाडीशी शर्यत लागते आणि जुन्या पुलावरून यांची गाडी नदीत कोसळते. पोलीस आणि गावकरी नदी धुंडाळतात, काही सापडत नाही. तीन तासांनी मेरी चिखलाने माखलेली एकटीच पाण्यातून वर येते. आपण कशा वाचलो हे तिला आठवत नाही. ती व्यवसायाने ऑर्गनवादक आहे. काही दिवसांत ती युटामधल्या एका चर्चची नोकरी धरून गाव सोडते. वाटेत गाडीच्या काचेत तिला एक पांढरा चेहरा दिसतो. नव्या गावात तो पुन्हापुन्हा दिसू लागतो आणि तो ओसाड मंडप तिला ओढू लागतो.

ही गोष्ट थोडक्यात सांगितली तर साधी वाटते, आणि शेवट काय असणार हे जाणकार प्रेक्षक लवकर ओळखतो. पण चित्रपटाचं बळ त्या शेवटाच्या धक्क्यात नाही. ते आहे दिवसाउजेडी दिसणाऱ्या साध्यासुध्या जगात. भाड्याची खोली, घरमालकीण, दुकान, बसस्थानक, बाग. ही सगळी दृश्यं अगदी बोधपटासारखी घेतली आहेत: स्वच्छ उजेड, समोरून लावलेला कॅमेरा, नीट बोलणारी, जराशी ताठ माणसं. सेंट्रॉन शाळेतल्या मुलांना जे सभ्य, नीटनेटकं मध्य-अमेरिकी गाव दाखवत आली होती, तेच हे गाव. त्याच चौकटीत मेलेली माणसं आणून उभी केल्यावर जी भीती वाटते ती अंधाऱ्या वाड्यातल्या भुताने वाटत नाही. हॉलिवूडमधल्या कुशल दिग्दर्शकाला हे सुचलं असतं का, मला शंका आहे. सुचलं असतं तरी तो साधेपणा त्याला हुबेहूब साधला नसता.

सगळ्यांत चांगला प्रसंग कपड्यांच्या दुकानातला. मेरी एक पोशाख घालून पाहते. अचानक चित्र पाण्यासारखं हलतं आणि ध्वनी नाहीसा होतो. विक्रेती तिच्याशी बोलत नाही, तिच्याकडे पाहत नाही, जणू ती तिथे नाहीच. रस्त्यावर वाहनं धावत असतात, ओठ हलत असतात, पण ऐकू येत नाही. मेरीच्या टाचांचा आवाज मात्र येतो. ती बागेत पोचते, एका झाडाला हात लावते, पक्ष्याची किलबिल ऐकू येते आणि जग परत सुरू होतं. या सगळ्याला खर्च किती आला असेल? एक लहरी उठवणारा दृश्यपरिणाम आणि ध्वनिपट्टीवरून काही आवाज काढून टाकणं. रबरी राक्षसावर हजारो डॉलर घालणाऱ्यांना जे साधलं नाही ते इथे वजाबाकीने साधलं आहे. आणि ही करामत करायला ध्वनीवर हुकूमत लागते. बोधपट ही निवेदन, आवाज आणि चित्र वेगवेगळं घेऊन नंतर जुळवण्याची कला आहे, त्यामुळे एखादा थर काढला तर काय होतं हे या मंडळींना पक्कं ठाऊक असणार.

गाडीतली दृश्यंही पाहण्यासारखी आहेत. त्या काळी गाडी स्टुडिओत उभी ठेवून मागच्या पडद्यावर पळता रस्ता दाखवायची पद्धत होती. इथे बॅटरीवर चालणारा हातात धरायचा अ‍ॅरिफ्लेक्स कॅमेरा घेऊन खऱ्या रस्त्यावर चित्रण केलं गेलं. त्यामुळे काचेबाहेरचं सपाट, निर्मनुष्य पठार खरं आहे, आणि त्या काचेत जेव्हा चेहरा येतो तेव्हा तो खऱ्या रात्रीत येतो.

संगीत जीन मूर यांचं, जवळपास संपूर्ण ऑर्गनवर. आपल्याकडे ऑर्गन म्हटला की संगीत नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांपुढे येतो. हा त्याहून फार मोठा, चर्चच्या भिंतीत बसवलेल्या नळ्यांचा पाइप ऑर्गन. लॉरेन्समध्येच रॉयटर ही ऑर्गन बांधणारी कंपनी होती आणि चित्रपटातला ऑर्गन-कारखान्याचा प्रसंग तिथेच घेतला आहे. म्हणजे नायिकेचा व्यवसायसुद्धा गावाने पुरवला. पण तो केवळ सोयीचा राहिलेला नाही. मेरीला देवाधर्मात रस नाही, चर्चचं वादन हे तिच्या लेखी पोटापाण्याचं काम. एका संध्याकाळी सराव करताना भजनाची धून तिच्या बोटांखाली हळूहळू वाकडी होत जाते, तिला सरोवरातून वर येणारी, नाचणारी माणसं दिसतात, आणि धर्मगुरू येऊन हे पावित्र्याचा भंग करणारं आहे म्हणत तिला कामावरून काढून टाकतो. आपण ऐकतोय ते चित्रपटाचं पार्श्वसंगीत की तिचं वादन, हे इथे कळेनासं होतं. एकाच वाद्यावर सगळं संगीत बेतल्याचा एवढा फायदा क्वचितच कुणी करून घेतला असेल.

मेरी ही व्यक्तिरेखाही त्या काळच्या मानाने निराळी आहे. बी-भयपटातली तरुणी बहुधा किंचाळायची आणि शेवटी शास्त्रज्ञाच्या मिठीत जायची. मेरीला कुणाची सोबत नको आहे. ती एकटी राहते, एकटी प्रवास करते, पुरुषाला टाळते, धर्मगुरूला उलट उत्तर देते. भोवतालचे सगळे तिला या तुटकपणाबद्दल बोल लावतात. लिंडेनच्या आगंतुक सलगीचे प्रसंग तर भुतांपेक्षा जास्त अस्वस्थ करतात. ती मेलेली आहे म्हणून तुटक आहे, की तुटक असल्याची शिक्षा भोगते आहे? क्लिफर्ड यांनी याचं उत्तर दिलेलं नाही. हिलिगॉस यांचे मोठे, पापणी न लवणारे डोळे हा प्रश्न जागा ठेवतात.

दोषही आहेत. मेरीशी बोलून तिला समजून घेऊ पाहणाऱ्या डॉक्टरांचे प्रसंग लांबलेले आहेत आणि त्यांत जे आपल्याला कळलेलं आहे तेच बोलून दाखवलं जातं. काही ठिकाणी संवाद ओठांशी जुळत नाहीत. छोट्या भूमिकांतले काही जण पाठ केल्यासारखं बोलतात. यातलं काही चित्रपटाच्या वातावरणात मुरतं, काही नुसतंच खटकतं. कमी पैशाने प्रत्येक वेळी कलेचं भलंच होतं असं मी म्हणणार नाही. आणखी आठवडाभराची सवड मिळाली असती तर डॉक्टरांचे प्रसंग नक्की सुधारले असते.

शेवटी सॉल्टएअरच्या नृत्यगृहात मेलेली माणसं जोडीने नाचतात आणि मेरीला त्यांच्यात स्वतःलाच त्या पांढऱ्या चेहऱ्याच्या माणसाबरोबर नाचताना दिसतं. ती वाळूतून पळते. दुसऱ्या दिवशी तिच्या पावलांचे ठसे एका जागी येऊन संपलेले सापडतात. तिकडे कॅन्ससमध्ये नदीतून गाडी वर काढली जाते, आणि मैत्रिणींच्या शेजारी मेरीचाही मृतदेह असतो.

विक्री

सप्टेंबर १९६२ मध्ये लॉरेन्समध्ये पहिला खेळ झाला. वितरण हर्ट्स-लायन नावाच्या छोट्या कंपनीकडे दिलं होतं. त्यांनी चित्रपट कापून ७८ मिनिटांचा केला आणि भयपटांतले नट लॉन चेनी धाकटे यांच्या ‘द डेव्हिल्स मेसेंजर’बरोबर जोडी लावून मुख्यतः ड्राइव्ह-इन थिएटरांत पाठवला.

मोठा स्टुडिओ सोडला तर वितरण असं चालायचं: वितरक वेगवेगळ्या प्रदेशांचे हक्क स्थानिक उपवितरकांना विकायचा, उपवितरक थिएटरवाल्याशी व्यवहार करायचा, आणि पैसा त्याच साखळीने उलटा यायचा. प्रत्येक हात आपला खर्च आणि आपलं कमिशन आधी कापून घ्यायचा. प्रिंटचा खर्च, जाहिरातीचा खर्च, सगळं निर्मात्याच्या वाट्यातून. निर्माता या साखळीत सगळ्यांत शेवटी. चारशे मैलांवरच्या ड्राइव्ह-इनमध्ये किती गाड्या आल्या हे लॉरेन्समध्ये बसून मोजायला कसलाही मार्ग नव्हता. ज्याच्याकडे पुढचा चित्रपट असतो त्याला निदान एक धाक दाखवता येतो: हिशेब दिला नाहीत तर पुढचा माल दुसऱ्याला देईन. हार्वींकडे पुढचा चित्रपट नव्हता. हर्ट्स-लायनचं दिवाळं निघालं तेव्हा वसूल करायला काही उरलं नव्हतं.

जोडी लावण्यातही चित्रपटाचा तोटा झाला असं मला वाटतं. ड्राइव्ह-इनचा प्रेक्षक आवाज गाडीत टांगलेल्या छोट्या स्पीकरवर ऐकायचा, शेजारी मित्र, समोर खाणंपिणं. दुकानातल्या प्रसंगात आवाज गेला तर स्पीकर बिघडला असंच वाटलं असणार. शांतपणे, अंधारात, एकटक पाहायचा हा चित्रपट चुकीच्या जागी लावला गेला.

एक राहून गेलेली ओळ

त्या काळी अमेरिकेत १९०९चा स्वामित्वहक्क कायदा लागू होता. त्यानुसार प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक प्रतीवर हक्काची सूचना असणं सक्तीचं होतं: स्वामित्वहक्काची खूण किंवा तो शब्द आणि मालकाचं नाव, वर्षासह. सूचनेविना कृती लोकांपुढे गेली तर हक्क संपला, ती सार्वजनिक मालकीची झाली. ‘कार्निव्हल’च्या प्रदर्शित प्रिंटवर ही सूचना नव्हती. सहा वर्षांनी पिट्सबर्गमधल्या अशाच एका गटाचं, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’च्या निर्मात्यांचं, हेच झालं. वितरकाने चित्रपटाचं नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर सूचना घालायची राहिली. त्या चित्रपटाने थिएटरांत अफाट कमाई केली तरी हक्क गेला तो गेलाच.

लॉरेन्सच्या बाबतीत मात्र या चुकीचा दुसरा परिणाम झाला. चित्रपट आधीच टीव्हीकडे गेला होता. अमेरिकेतल्या गावोगावच्या वाहिन्यांना मध्यरात्रीनंतरचे तास भरायला स्वस्त चित्रपट लागत, आणि ज्याला मालकच नाही त्याच्याहून स्वस्त काय असणार? तो वर्षानुवर्षं रात्री-बेरात्री लागत राहिला. घरच्या अंधारात एकटं बसून पाहणारे प्रेक्षक त्याला आता मिळाले. झोप न आल्याने टीव्ही लावला आणि हा कुठला चित्रपट ते न कळताच तो मनात बसला, असे अनुभव अनेकांनी सांगितले आहेत. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांच्या मेलेल्या माणसांवर या चित्रपटाची छाया असल्याचं मानलं जातं, आणि दिग्दर्शक डेव्हिड लिंच यांच्या चित्रपटांवर बोलतानाही त्याचं नाव निघतं.

यावरून काही जण म्हणतात की हक्क गेला तेच बरं झालं. चित्रपटाच्या दृष्टीने बघितलं तर त्यात तथ्य आहे. मालकी एखाद्या बुडालेल्या कंपनीच्या कागदपत्रांत अडकली असती तर प्रिंट गोदामातच सडले असते, आणि असे कितीतरी बी-चित्रपट सडलेही. पण पाचशे डॉलर देणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा युक्तिवाद फार सोपा ठरतो. चित्रपट वर्षानुवर्षं दाखवला जात होता आणि ज्यांनी तो उभा केला त्यांना त्यातलं काही मिळत नव्हतं. माझा कौल त्या गुंतवणूकदारांच्या बाजूने आहे. चित्रपट जगला याचा आनंद मानताना त्यांचा तोटा गृहीत धरू नये.

परतीचा प्रवास

१९८९ मध्ये चित्रपट नव्याने थिएटरांत लागला आणि रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या नामवंत समीक्षकांनी त्याची दखल घेतली. योगायोगाने त्याच वर्षी मार्चपासून अमेरिकेत हक्काची सूचना छापण्याची सक्ती कायद्यातून गेली. हार्वी तेव्हा साठी ओलांडलेले होते. मधल्या काळात त्यांनी सेंट्रॉनसाठी शेकडो चित्रपट केले होते. १९८०चा ‘शेक हँड्स विथ डेंजर’ हा अवजड यंत्रांवरच्या सुरक्षेचा बोधपट आजही पाहिला जातो. लॉरेन्समध्येच चित्रित झालेल्या ‘द डे आफ्टर’ या अणुयुद्धावरच्या टीव्ही-चित्रपटात त्यांनी छोटी भूमिकाही केली. १९९६ मध्ये ते गेले. आपल्या एकुलत्या कथापटाचं कौतुक त्यांना जिवंतपणी पाहायला मिळालं, याचं मला समाधान वाटतं. सॉल्टएअरची ती इमारत १९७०च्या आगीत नष्ट झाली. तिचं आतलं रूप आता बरंचसं याच चित्रपटात पाहायला मिळतं.

१९९८ मध्ये याच नावाने एक नवा चित्रपट निघाला, भयपटांचे नामवंत दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांचं नाव पुढे करून. त्याची कथा वेगळी आहे आणि मूळ चित्रपटाची आवड असणाऱ्याने त्यासाठी वेळ काढायची गरज नाही.

मूळ चित्रपट मात्र जरूर पाहावा, आणि पाहताना प्रत नीट निवडावी. मालक नसल्याने इंटरनेटवर त्याच्या असंख्य प्रती आहेत, बहुतेक धुरकट, खरखर करणाऱ्या आणि वितरकाने कापलेल्या. दुकानातला आवाज नाहीसा होण्याचा प्रसंग अशा खरखरीत वाया जातो, कारण तिथे शांतता ऐकू यायला हवी. क्रायटेरियन या निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीने साफ करून काढलेली आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. थिएटरमधल्या आवृत्तीपेक्षा थोडी लांब, हार्वींच्या मनासारखी आवृत्तीही उपलब्ध आहे. मी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती लांबच सुचवेन, आणि हेडफोन लावून.